पिवळ्या पट्ट्याच्या बाहेरून

प्रिय अक्का,

सकाळपासून सात कॉल केले, तू उचलेनास. बरोबर आहे की. आज तंबाखूमुक्त शाळेची तपासणी, कमिटी येणार, हेडबाई फोन कशाला बघतील! म्हणून लिहितोय. इंग्लिश मीडियमवाल्याचं मराठी आहे, लाल पेन काढू नको.

तुला एक सांगायचं राहिलं. मी पाइप ओढतो. सिगारेट नाही गं, लाकडी पाइप. तंबाखू थराथरानं भरायची, खालचा थर सैल, वरचा जरा दाबून. एकदा नीट पेटली की तासभर कसली घाई नाही. मला शांत बसायला यानं शिकवलं, शप्पथ. आईला माझ्या शर्टाचा वास उदबत्तीसारखा गोड वाटतो. म्हणते, पोरगं देवळात जायला लागलं.

पण आता सगळंच अवघड झालंय. परवा मी आणि माझा दोस्त सम्राट कळंब्याला तळ्यावर बसलतो, तर हवालदार म्हणाला, "पावणं, ती बासरी काढा आधी तोंडातनं." नेहमीच्या दुकानदारानं तंबाखू ठेवणंच बंद केलं. बाहेरून मागवली, तर पार्सल कस्टममध्ये अडकलं आणि त्याची नोटीस आबांच्या हातात पडता पडता वाचली. तेव्हापासून दारात गाडी थांबली की आबांच्या आधी मीच पळतो.

रविवारी तू शाळेभोवती शंभर यार्डांवर तंबाखूबंदीचा पिवळा पट्टा मारलास, तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरलतं. बुटाला रंग अजून आहे. पानटपरी तीन फूट आत येते म्हणून बाळासोमामांना हलवलंस. ते आता चिंचेखाली नुसता चहा विकतात. तिथंच बसून लिहितोय. मगाशी म्हणाले, "बाईंनी सख्ख्या भावालाबी सोडलं नसतं." मी कप तसाच खाली ठेवला.

अक्का, नवीन पार्सल मी तुझ्या नावावर मागवलंय. पत्ता शाळेचा, वर लिहायला लावलंय ‘शैक्षणिक साहित्य’. वाटलं, हेडबाईंचं पार्सल कोण उघडतंय! तुझ्या टेबलावरून गुपचूप उचलणार होतो. आता मोबाइल दाखवतोय, आज दहापर्यंत पोचणार. तुझी कमिटीपण दहालाच. कुरिअरवाल्याला अडवायला इथं थांबलोय, पण तो मागच्या गेटनं गेला तर? तू सही करू नको. आणि कुणी आधीच उघडलं असेल तर सरळ माझं नाव सांग. मी कमिटीसमोर येऊन कबूल करतो, तुझी शाळा माझ्यापायी नापास नको व्हायला. बनामावशी आत्ता खिचडीचं सामान घेऊन आत निघाल्यात, त्यांच्याजवळ हे देतोय. पाइपपण देणार होतो, पण मग तोही पट्ट्याच्या आत आला असता. खिशातच आहे, रिकामा. मी पट्ट्याच्या बाहेर उभा आहे. तू हाक मारल्याशिवाय ओलांडत नाही.

तुझाच, टेप धरणारा,
धैर्यशील