तक्रार शिल्लक ठेवायची नाही

२ तारीख, सोमवार

पोचले एकदाची. वळणावळणाच्या रस्त्याने बसमध्ये जीव नकोसा झाला होता, पण टेकडीच्या टोकावरचं हे पांढरं हॉटेल दिसलं आणि सगळं विसरले. पुढे हिरवळ, मागे दरी, खिडक्या इतक्या लख्ख की काच आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं.

ही वही आईमुळे. हॉटेलच्या धंद्याचं शिक्षण घ्यायचं म्हटल्यावर ती म्हणाली, स्वतःच्या अंथरुणाची घडी जन्मात घातली नाहीस, लोकांच्या चादरी बदलायला निघालीस? बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे भांडणही तिच्याशी आणि तहही तिच्याशीच. तह असा की महिनाभर एखाद्या हॉटेलात राबायचं, रोजचं रोज खरं तेच लिहायचं, मग कॉलेजचं ठरवायचं.

मालकीणबाई स्वतः दाराशी आल्या आणि त्यांनी माझी बॅग उचलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाल्या, इथे नियम एकच. पाहुण्याची तक्रार शिल्लक ठेवायची नाही. पाहुणा इथून निघायच्या आत ती मिटली पाहिजे. मी ते इथे टिपून ठेवते, कॉलेजच्या मुलाखतीत उपयोगी पडेल. कामाची सगळी माणसं पांढरे हातमोजे घालतात. मलाही एक जोड मिळाला. काय थाट आहे म्हणून आरशात दोनदा बघून आले.

४ तारीख, बुधवार

आज चादरीचे कोपरे शिकले. गादीखाली असे दुमडायचे की वर एकही सुरकुती राहता कामा नये. शिकवणारी कपडे धुण्याच्या विभागातली ताई. आम्ही एकाच खोलीत झोपतो. तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो, पण हात त्याहून जलद.

आचारीकाका म्हणजे वल्लीच. मी अंडी उकडली तर म्हणाले, पाण्यात असून करपवलीस, तुझ्या हातात कला आहे. त्यांच्या डाव्या मोज्याची दोन बोटं रिकामीच लोंबतात. मी विचारलं तर म्हणाले, जुनी तक्रार होती, मिटली. सगळे हसले म्हणून मीही हसले.

बागेचा माळी मात्र आळशी दिसतो. बसल्या बसल्याच कुंपण कापतो.

७ तारीख, शनिवार

सगळं नीट लिहिते.

काल नेहमीचे पाहुणे आले. त्यात एक म्हातारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मोठे साहेब म्हणतात. दरवर्षी येतात. फार गोड बोलणं. मी काय शिकतेय ते विचारलं, चांगला मार्ग निवडलास म्हणाले. आज दुपारी जेवताना त्यांनी सूप चाखलं, रुमालाने ओठ टिपले आणि जरा खारट आहे असं अगदी संकोचून सांगितलं.

काटे-चमचे थांबले. बाकीच्या पाहुण्यांनी आपापल्या खुर्च्या स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवून घेतल्या. मला वाटलं, मी काहीतरी सांडलं.

आत जाऊन सांगितलं. कुणी हुज्जत घातली नाही. आचारीकाकांनी चमचाभर चाखून मान हलवली, हो, खारट आहे. मग उजव्या हाताचा मोजा काढला, हात धुतला, पुसला. दोन वेटरांनी कोपर धरला आणि तळवा तापलेल्या तव्यावर दाबला.

तो आवाज मला माहीत होता. रोज सकाळी ऐकते, नाश्त्याच्या वेळी. वासही तोच. मालकीणबाई पुरे म्हणेपर्यंत त्यांनी दाबून धरला, आणि उचलला तेव्हा कातडी तव्यालाच राहिली. काकांच्या तोंडात टॉवेल होता. दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं.

मोठ्या साहेबांनी आणखी एक वाटी मागितली. त्याच पातेल्यातली मीच वाढली. आता छान झालंय म्हणाले.

८ तारीख, रविवार

घरी जायचं. बॅग भरली होती. ताईने ती परत रिकामी केली आणि माळ्याची गोष्ट सांगितली. त्यानेही नोकरी सोडतो म्हटलं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, मधेच निघून जाणं ही तर हॉटेलचीच बदनामी, पाहुण्यांना काय वाटेल. त्याच्या दोन्ही पायांच्या टाचांमागच्या शिरा कापल्या. तेव्हापासून तो बसून कुंपण कापतो. मी त्याला आळशी म्हटलं होतं.

फोन एकच, ऑफिसात. आईशी बोलले तेव्हा मालकीणबाई समोर बसून पेन्सिलीला टोक करत होत्या. सगळं छान आहे म्हटलं. इथेच चुकले. मी जन्मात कधी सगळं छान आहे म्हटलेलं नाही. आईचा आवाज लगेच बदलला. तेवढ्यात मालकीणबाईंनी फोन घेतला आणि तिला राहायला बोलावलं. शिकाऊ मुलींच्या घरच्यांना एक दिवस पाहुणचार, ही इथली रीत आहे म्हणे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आई हो म्हणाली असणार.

१० तारीख, मंगळवार

उशीच्या अभ्र्यावर एक सुरकुती. चौथ्या खोलीतल्या बाईंची तक्रार. म्हणजे ताई.

इथे चादरी इस्त्री करायला दोन गरम रुळांचं यंत्र आहे. ताई स्वतःच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. धरायला एक माणूस कमी होता. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिकायला आलीस ना, म्हणाल्या.

मी तिचं मनगट धरलं. बोटं आत गेली. तिने हात ओढला नाही, थरथरत होते ती मी, म्हणून मी आणखी घट्ट धरलं. हाडं मोडल्याचं मला माझ्या हातात कळलं. पाहुणे दाराशी उभे होते. चौथ्या खोलीतल्या बाईंनी टाचा उंचावून पाहिलं.

मालकीणबाईंनी पाठ थोपटली. म्हणाल्या, हात पक्का आहे, या धंद्यात नाव काढशील. आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. खरं तेच लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. मग मागच्या कठड्यापाशी जाऊन ओकले.

११ तारीख

ताईला वेणी घालता येत नाही. मी घातली. ती म्हणाली, बरं झालं तू घट्ट धरलंस, सैल धरणाऱ्याच्या हातून जास्त फाटतं. ती मला धीर देत होती. मला माझी लाज वाटते.

१२ तारीख

मोठे साहेब. वेटर मनापासून हसत नाही म्हणाले.

आता तो हसतो. दोन्ही गालांपर्यंत हसतो. भाजी कापायची सुरी वापरली. ताईच्या हातून सुई धरवत नाही, म्हणून टाके मी घातले, पडद्याच्या दोऱ्याने. तो माझ्याकडे बघत होता आणि हसत होता, त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं.

संध्याकाळी त्यानेच चहा वाढला.

१३ तारीख

उद्या आई येणार.

माझी आई. ऑपरेशनच्या टेबलावर आडवी पडून जिने डॉक्टरांना पंख्यावरची धूळ दाखवली, ती. तिला सगळीकडे काहीतरी खुपतंच.

सगळ्यांना कळलंय. आचारीकाकांनी डाव्या हाताने मीठ पुढे केलं, किती लागतं विचारलं. ताईने साबणाचा वास कुठला चालेल ते विचारलं. हसरा वेटर नुसता समोर येऊन उभा राहिला. मी सगळं सगळं सांगितलं. चहा उकळता हवा. उशी एकच, पातळ. खिडकी अर्धी उघडी.

मालकीणबाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, पाहुण्याला आतलं काही सांगायचं नाही. ज्याला कळतं आणि रुचत नाही, त्याला आम्ही घरी पाठवू शकत नाही. मग खिडकी लावून घेतली, दरीकडची.

म्हणजे सांगितलं तर आई मरेल. बास. एवढंच ध्यानात ठेवायचं.

१४ तारीख

आली. मला बघून पिशवी खाली टाकली आणि धावत आली. मी ट्रे पुढे धरला.

चहा प्यायली. छान आहे म्हणाली. आई, छान?

दुपारचं जेवण. छान. उशी बघून तिचे ओठ हलले आणि मिटले. तिने काकांचा हात पाहिला, वेटरचं तोंड पाहिलं, मग कितीतरी वेळ मला पाहत राहिली. माझ्यासाठी गप्प बसतेय ती. आयुष्यात पहिल्यांदा.

मी हो आणि नाही, एवढंच. तोंड उघडलं तर सगळंच बाहेर पडेल. तिने माझा हात धरला, मोज्यावरून अंगठा फिरवला. मी हात काढून घेतला —

उद्या सकाळी नऊची बस. तोपर्यंत फक्त.

१५ तारीख

वरच्या मजल्यावर, कपड्यांच्या खोलीत आहे. तयार व्हायला वेळ दिलाय.

दारापर्यंत सगळं नीट झालं होतं. बॅग बाहेर, बस खाली वळणावर दिसत होती. मालकीणबाईंनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, काही तक्रार? आई म्हणाली, नाही हो, जेवण उत्तम, खोली उत्तम. मग तिचे डोळे भरले. म्हणाली, "राग मानू नका, पण माझी पोरगी माझ्याशी एक शब्द धड बोलली नाही."

आतल्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

मालकीणबाईंनी तिला बसवलं. तक्रार मिटवूनच जा, म्हणाल्या. आई बसलीय. चहा घेतेय. आता मी येऊन पोटभर बोलेन असं तिला वाटतंय.

मी विनवलं. आत्ता खाली जाते, बोलते, मिटेल की. मालकीणबाई म्हणाल्या, दुसरी वाटी दिली म्हणून पहिली खारट नव्हती असं होतं का? ज्या अवयवाने कसूर केली, तो —

जीभ.

काका चिमटा तापवतायत. रडतायत. ताई टॉवेल घेऊन आलीय. मी तिला म्हटलं, घट्ट धर. तिने हात दाखवला.

ओरडायचं नाही. ओरडले तर आई वर येईल. येईल, बघेल, आणि मग ती खिडकी —

पाहुणे आले. मोठे साहेब पुढे. खुर्ची घेऊन.

मी ओरडले नाही. अजून तर काही झालंही नाही, तरी जिन्यावर तिच्या चपला वाजतायत. म्हणतेय, जाऊ दे, तक्रार परत घेते मी, पोरीला काही बोलू नका —

आई खाली जा. बस लागलीय. तू काही पाहिलं नाहीस, तू काही —

दार