हेस्टरच्या कादंबरीतली आत्या

सेंट जॉन, न्यू ब्रन्सविक

प्रिय केझायाताईस लव्हीनियाचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? माझी तब्येत इथल्या धुक्यासारखी आहे, दुपारपर्यंत जड आणि मग बरी.

पत्र लिहिते आहे ते तुझ्या लाडक्या विद्यार्थिनीपायी, हेस्टर गिलनपायी. (हो, तीच, गोदीतल्या सुताराची मुलगी, जिला तू हौसेनं निबंध लिहायला शिकवलंस.) हिवाळाभर ती माझ्याकडे येऊन काहीबाही विचारायची. "काकू, सोमल खाल्ला की माणूस किती वेळात जातो?" "काकू, बंदरात ढकललेलं प्रेत ओहोटीला कुठं लागतं?" भल्या घरच्या मुलीनं विचारायच्या गोष्टी का या? पण मलाही चैन पडेना. मी जाऊन औषधवाल्याला विचारलं, तर तेव्हापासून तो मला उंदरांसाठीसुद्धा सोमल देत नाही. पोरीच्या मनात आहे तरी काय, म्हणून मी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणापाशी उभी राहू लागले (कपडे वाळत घालायला ऊन तिथंच येतं). पाहते तर ही रोज सकाळभर नुसती लिहीत बसलेली.

उलगडा झाला गोधडीच्या बैठकीत. आम्ही बायका चौकटीभोवती शिवत बसतो आणि एकजण न्यूयॉर्कच्या साप्ताहिकातली कादंबरी वाचून दाखवते, हे तुझ्या वेळचंच. त्या दिवशी कथेत एक आत्या आली. जांभळी टोपी, तोंडात चघळायला सुकवलेलं समुद्री शेवाळ, नजर शेजाऱ्यांच्या खिडकीत. सगळ्यांच्या सुया थांबल्या. वाचणारी मिसेस क्रुकशँक म्हणाली, "अगं बाई, लव्हीनिया, ही तर तूच!" लेखक म्हणून कुणा कर्नलचं नाव छापलंय, पण कर्नलला माझी टोपी कुठून ठाऊक? हेस्टर मात्र मान खाली घालून सुई ओवत बसली, आणि सुई तर ओवलेलीच होती.

पुढचे काही अंक मी सोसले. या अंकात आत्यानं दाराला कान लावला, तेव्हा मी तडक हेस्टरच्या घरी गेले. म्हटलं, "माझी अब्रू गेली, काढून टाक तिला." तर शांतपणे म्हणते, "छापलेलं कसं काढू, काकू? पुढच्या भागात मारून टाकते हवं तर. तो अजून लिहायचाय." शेवट काय आहे विचारलं, तर तो तिलाही माहीत नाही! (ताई, एवढी माणसं जीव मुठीत धरून वाचतात आणि लिहिणारीलाच पत्ता नाही. मग ठरवतं तरी कोण?) मी ठणकावून सांगितलं, मारच तिला. पुढचा भाग शनिवारच्या बोटीनं जाईल आणि माझी सुटका होईल.

तुझी धाकटी,
लव्हीनिया

ता. क. ताई, आत्याला मारू नकोस म्हणून हेस्टरला आजच लिही. ओबेड समुद्रात बुडाला आणि मी विधवा झाले तेव्हापासून, एक हेस्टर सोडली तर, माझ्या दारी कुणी फिरकत नव्हतं. आता बायका अंक घेऊन माझ्याच स्वयंपाकघरात जमतात, आत्या पुढं काय करणार ते मलाच विचारतात. फार बरं वाटतं गं. मी परत हेस्टरकडे कोणत्या तोंडानं जाऊ? तुझा शब्द ती मोडणार नाही.

आणखी ता. क. आत्याचं लग्न लावून दिलं तरी माझी हरकत नाही. नवरा बोटीवरचा नसावा, एवढंच.