दीर्घिकेचा नतद्रष्ट शेजारी

३ ऑक्टोबर

ति. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच घातलाय, तेव्हा वाचता वाचता कान धरू नकोस.

बाबांना सांग, कॉलेज अर्धवट सोडलेला तुमचा दिवटा आता दुर्बीण चालवतो. आपल्या चष्म्यांच्या दुकानात टांगलेल्या चित्रातली नळी नव्हे; माळभर पसरलेल्या अवाढव्य तबकड्या. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी झेलतात, त्यामुळे आमचं काम भरदिवसाही चालतं. कुठे, किती वेळ बघायचं ते संशोधक लिहून देतात, मी यंत्राला सांगतो.

आता पत्राचं खरं कारण. इथे एक संशोधक आहे. हसलीस ना? मला दिसलं. ती फार लांबच्या एका दीर्घिकेतला हायड्रोजन शोधतेय. खूण इतकी पुसट, की वर्षाकाठी मिळणारा एकच दिवस तिने त्यासाठी भांडून घेतलाय. त्यात दीर्घिकेला खेटून रेडिओ लहरींचा एक भडक स्रोत आहे, तो सगळं झाकोळतो. त्याला ती नतद्रष्ट शेजारी म्हणते. चिडली की पेन्सिल चावते. मी त्या पेन्सिलीवर जळतो.

काल तिचा दिवस होता. वेळापत्रकात दर थोड्या वेळाने दीर्घिका सोडून भलत्याच, ओळखीच्या एका स्रोताकडे वळायचं, असं लिहिलेलं. एवढा मोलाचा वेळ असा उधळायचा? मला बघवेना. मधल्या सगळ्या फेऱ्या मी उडवल्या आणि तो वेळ तिच्या दीर्घिकेला दिला. तिला सांगितलेलं नाही. उद्या फाइल उघडेल तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होईल!

लोभ असू दे, उपदेश थोडा आटला तरी चालेल.

तुझा,
धाकटा

८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक अक्कल येण्यासाठी राखून.

बाबा तुझ्याशी बोलत नाहीत हे खरं, पण गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून त्यांनी तुझं पत्र वाचलं. दिवसाही आकाश बघता येतं, हे समोरच्या शिंप्याला अशा थाटात ऐकवलं की जणू शोध त्यांचाच.

मला मात्र वेगळाच घोर लागलाय. ती बाई काही गंमत म्हणून फेऱ्या लिहिणार नाही. तिला विचारलंस का? दुकानात डोळे तपासताना मधले प्रश्न गाळले तर वेळ वाचतो, नंबर मात्र चुकतो. ताबडतोब कळव.

लोभ भरपूर आहे, भरवसा जरा बेताचाच.

तुझी,
ताई

११ ऑक्टोबर

ति. ताईस,

नमस्कार. पुढचं वि. वि. लिहायला हात उठत नाही.

तुझा घोर खरा ठरला. ऊन, हवा, तापलेल्या तारा यांनी प्रत्येक तबकडीचा लहरी झेलण्याचा ठेका हळूहळू सरकतो. ओळखीच्या स्रोताकडे वळलं की कुणाचा किती सरकला ते कळतं आणि तेवढी दुरुस्ती करता येते. मी ते वळणंच काढून टाकलं. चित्र आलं ते पाण्यात भिजलेल्या शाईसारखं. शेजारी फाटक्या पिसासारखा विस्कटलेला, आणि दीर्घिकेचा पत्ताच नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कुणी सांगितलं होतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं की तुमच्यासाठीच केलं. त्यावर म्हणाली, माझ्यासाठी होतं तर मला विचारायचं. तेव्हापासून अबोला. तिचा प्रबंध आता वर्षभर लांबणार. एक इंजिनिअर फिदीफिदी हसला, त्याच्याशीही माझं वाजलं.

राजीनामा खिशात आहे. साहेब रजेवरून आले की त्यांच्या हातात देतो आणि सुटतो.

लोभ उरला असेल तर अंथरूण घालून ठेव.

धाकटा

१५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. साहेबांची रजा वाढो, हा त्यातला पहिला.

कॉलेजात सरांशी वाजलं आणि तू ताडकन निघालास. सर अजून तिथेच शिकवतात. बाहेर पडलास तो तू. आता पुन्हा तेच? राजीनाम्याने तिचा गेलेला दिवस परत येतो का? येत असेल तर खुशाल ये, अंथरूण काय, गादी घालते. येत नसेल तर तिच्यासमोर जा. प्रेमाचं एक अक्षर काढू नकोस. यातून काही वाचवता येतं का विचार, आणि त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम मागून घे.

बाबांना सांगितलेलं नाही. पोस्टमन आला की तुझं पत्र आहे का बघायला ते उगाच दुकानाच्या दारातली पाटी पुसत उभे राहतात.

लोभ आहे म्हणूनच रागावले.

ताई

२० नोव्हेंबर

ति. ताईस,

सा. न. वि. वि. बघ, सगळी अक्षरं जागेवर आली.

गेलो. विचारलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एक खुर्ची पायाने पुढे सरकवली. वाट तिला सुचलेली होती, पण काम एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. वाट म्हणजे, कोण सांगू? नतद्रष्ट शेजारी! तो मुळात ठिपक्याएवढा आहे हे आधीपासून माहीत आहे. मग तो पसरलेला डाग पुन्हा ठिपका होईपर्यंत एकेका तबकडीचा ठेका सारखा करत जायचं. त्याच्यासाठी जे बरोबर, ते शेजारच्या दीर्घिकेसाठीही बरोबर. मात्र दर वेळी तबकड्यांच्या शेकडो जोड्या तपासायच्या आणि नोंदींतला बिघडलेला भाग हाताने वेचून काढायचा. मी वेचला, ताई. महिनाभर. एकदा एक जोडी न बघता पुढे ढकलली, तर तिने मान वर न करताच मागे जायला सांगितलं.

गेल्या आठवड्यात शेजारी ठिपक्यात गोळा झाला. त्याच्या बाजूला हायड्रोजनच्या खुणेचा एक इवलासा उंचवटा दिसला. अगदी अपेक्षित जागी! तिने दातांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. साहेबांना माझी चूक तिनेच सांगितली, आणि पुढच्या वर्षीच्या दिवशीही दुर्बिणीवर मीच हवा असंही. मी आता ओळखीच्या स्रोताकडे इतक्या इमानाने वळतो की इंजिनिअर पुन्हा हसतो. हसू दे.

मग मी तिला विचारलं. तेच, जे काढू नकोस म्हणाली होतीस. ती म्हणाली, एकाच मोजणीवर ती काही जाहीर करत नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हवेत मोजून तेच आलं तरच ते खरं. म्हणून मी रोज दुपारी चहाच्या वेळी विचारतो. ती हं म्हणते आणि कप विसळते.

काल एका तबकडीची मोटर अडकली. त्या धांदलीत चहाही राहिला आणि विचारणंही. संध्याकाळी ती स्वतः माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, आणि म्हणाली की आजची मोजणी राहिलीय.

बाबांना सांग, पाटी पुरेशी स्वच्छ झाली. लोभ आहे तोच रोज असावा.

तुझा,
धाकटा