घाट कोणाकडे जावा: श्रीपत ओव्हाळ यांची लिहून ठेवलेली इच्छा

मी, श्रीपत भिवा ओव्हाळ, वय एकाहत्तर, निवृत्त, राहणार भिसेगाव, कर्जत, जिल्हा रायगड, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे माझ्याच हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार विचारला. बुधवार, असे मी लगेच सांगितले. बुधवार मी कधी चुकत नाही, त्याचे कारण पुढे येईल. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. भिसेगावातील राहते घर मी व माझी पत्नी कै. पौर्णिमा हिने माझा फंड आणि तिची भिशी एकत्र करून बांधले. ते माझी एकुलती एक मुलगी दीक्षा हिला मिळावे. ती नाशिकला सुखात आहे. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे की तसेच ठेवावे, तो तिचा प्रश्न. मात्र कलम ४ अमलात येईपर्यंत मागच्या खोलीचे कुलूप कोणी काढू नये, आणि रंगाऱ्याला तर नाहीच नाही.

कलम २. बँकेतील व पोस्टातील रक्कम दीक्षाला. त्यातून तिला योग्य वाटेल तेवढी मोहोपाड्याच्या आमच्या जुन्या वसाहतीतील विहाराच्या वाचनालयाला द्यावी. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. आदरांजलीची भाषणे थोडक्यात असावीत. श्री. पोपट घुले यांनी बोलण्याची इच्छा दाखवल्यास माइक बंद पडला आहे असे सांगावे.

कलम ३. हत्यारे. ड्रॉइंगची पेटी नातीला. हॅकसॉ, पक्कड, सोल्डरिंगची गन आणि छोटा वाइस जावयांना. ते वापरणार नाहीत, पण त्यांनी एकदा मागितले होते. माझा व्हर्निअर कॅलिपर मात्र दीक्षाने स्वतःकडेच ठेवावा. तो कोणत्याही परिस्थितीत चांगो ठोंबरे याला देऊ नये. त्याने तो एकदा फरशीची जाडी मोजायला नेला आणि सिमेंटसकट परत केला.

कलम ४. घाट.

मागच्या खोलीत कर्जत स्टेशनापासून ठाकुरवाडीच्या वरच्या बोगद्यापर्यंतचा रेल्वेघाट आहे, लहान मापात. रूळ, गाडीचा मार्ग बदलणारे सांधे, पूल, डोंगर, झाडे, सगळे हाताने केलेले आहे. डोंगर जुन्या वर्तमानपत्रांचा आणि प्लास्टरचा आहे, माती वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची आहे. या वस्तूला बाजारभाव नाही. वकिलांनी 'इतर जंगम मालमत्ता' असे लिहायला सुचवले होते. मी नकार दिला.

दीक्षाला विचारले तर ती म्हणाली, "बाबा, तुमचा डोंगर माझ्या हॉलपेक्षा मोठा आहे. मी झोपू कुठे, बोगद्यात?" तिचे बरोबर आहे. शाळेला द्यावा तर पहिल्याच आठवड्यात पुलावरून खडू घरंगळतील. म्हणून दोनच माणसे उरतात, आणि दोघांचीही नावे लिहिताना माझा हात जड होतो.

पहिला चांगो. चांगो पदू ठोंबरे, राहणार तालुका खालापूर. आम्ही दोघे रसायनीच्या एका कारखान्यात, एकाच खात्यात कामाला होतो. मी मीटर दुरुस्त करायचो, तो पाइप जोडायचा. कर्जतहून वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ते बँकर बघायला आम्ही सुट्टीच्या दिवशी पळसदरीला जाऊन बसायचो. घरी चांगोची आई म्हणायची, "इंजानं बघाया जाताय का पोरी?" बांबूच्या कामट्या आणि बिस्किटांचा डबा यांची आमची पहिली गाडी त्याच्याच पडवीत चालली. चालली म्हणजे मी ओढली आणि त्याने शिट्टी मारली.

पुढे हमरस्त्याजवळच्या त्याच्या भातखाचरांना भाव आला. चांगोने नोकरी सोडली, बंगला बांधला आणि वरच्या मजल्यावर गाड्यांसाठी हॉल काढला. हॉलला एसी. इंजिने जर्मनीची. त्याचा डोंगर कुरिअरने आला, वर झाडे लावूनच. माझे इंजिन सांध्यावरून जाताना कुरकुरते, त्याचे लोण्यावरून गेल्यासारखे जाते. त्याच्या पैशाचा मला हेवा नाही, असे मी पुष्कळ वर्षे लोकांना सांगत आलो. मृत्युपत्रात तसे लिहिता येत नाही. हेवा होता, आहे, आणि तो कोणाच्या नावे करता येत नाही म्हणून माझ्याबरोबर जाईल.

कर्जतला दिवाळीच्या सुट्टीत प्रदर्शन भरले, तेव्हा आम्ही दोघांनीही टेबले मांडली; घाटाचा ठाकुरवाडीचा भाग मी सुटा करून नेला. गर्दी त्याच्याकडे, कारण त्याच्या इंजिनातून खरा धूर निघायचा. संध्याकाळी धुराचे तेल संपले तेव्हा कुठे लोक माझ्या घाटाकडे वळले. चांगोही आला, घाटासमोर उभा राहून पोरांना हातवारे करत सांगू लागला, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात: 'चांगो ठोंबरे यांनी साकारलेला घाट'. फोटोत माझे फक्त कोपर आहे.

"मी नाय सांगितलं रं त्यांना," चांगो म्हणाला.

"मग माझं नाव तरी सांगायचंस."

"इचारलं नाय त्यांनी. आन तुजा कोपर चांगला आलाय की."

ते कात्रण त्याने फ्रेम करून हॉलमध्ये लावले आहे. माझ्या मृत्यूनंतर त्या फ्रेमखाली माझ्या नावाची पट्टी लावली जावी, अशी माझी मागणी आहे. कायद्याने ती बंधनकारक नाही, असे वकील म्हणतात. चांगोला ती कळली की बंधनकारक होईल.

आता बोगद्याविषयी. बोगद्याचे तोंड पौर्णिमाने केले. प्लास्टर ओले असताना मोडक्या कंगव्याच्या दाताने तिने त्यावर एकेक दगड ओढला, आणि वरच्या कमानीतला मधला दगड मुद्दाम थोडा वाकडा ठेवला. "सरकारी काम वाटायला नको?" असे तिचे म्हणणे. ती गेल्यावर मी ती खोली बंद केली.

त्याच सुमारास चांगो त्याच्या मुलाकडे, हर्षदकडे, इंग्लंडला गेला. जाण्याआधी तो भेटायला आला, खोली उघडायला लावली, आणि माझ्या रुळांमधले अंतर कागदाच्या पट्टीवर उतरवून खिशात घातले. कशाला, ते सांगितले नाही. परत आला तो हिरवे वाफेचे इंजिन घेऊन. "हे तुला. आता तरी खोली उघडी ठेव."

या छंदात दोन मापे चालतात. रूळ दोन्हींचे सारखेच, पण त्यावर धावणारी गाडी एका मापात बारीक आणि दुसऱ्यात थोराड. माझा घाट बारीक मापाचा. चांगोने रुळांचे माप नेले, बोगद्याची उंची नेली नाही. इंजिन कर्जतहून झोकात निघाले, ठाकुरवाडीला थांबले, पुन्हा निघाले आणि बोगद्याच्या कमानीला धडकले. पौर्णिमाच्या वाकड्या दगडाचा कपचा उडाला.

"बोगदा बारका बांधलास रं," चांगो म्हणाला. घाबरून म्हणाला असेल.

"इंजिन थोराड आणलंस," मी म्हणालो, आणि दिवा बंद केला.

त्या इंजिनाचे खोके माझ्या कपाटात आहे. चांगोचे रविवार मात्र त्यानंतर दुसरीकडे गेले.

इथे श्री. पोपट नामदेव घुले येतात. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन शेलूच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आले. त्यांच्याकडे सातव्या मजल्यावर लहान रेल्वे आहे. ती मोबाईलवरून चालते. चांगोची आणि त्यांची ओळख मीच करून दिली, हे इथे नोंदवून ठेवतो. पुढच्या रविवारी चांगो शेलूला. त्याच्या पुढच्याही. बायका-पोरे, भजी, नवीन सिग्नल, सगळे शेलूला. माझ्याकडे तो बुधवारी येऊ लागला. रविवार पोपटरावांना आणि बुधवार मला. रविवारचे उरलेले ढोकळे मी बुधवारी खाल्ले आहेत.

एकदा तो पोपटरावांनाही घेऊन आला. त्यांनी बोगदा पाहिला आणि म्हणाले, "ओव्हाळ साहेब, वरून थोडं खरवडलं की झालं. अर्ध्या तासाचं काम." मग म्हणाले, "तुमच्यानंतर हे माझ्याकडे द्या. मी सगळं मोबाईलवर आणतो. सोफ्यावर बसून गाडी खाली उतरवायची."

चांगो बोगद्यासमोर हात पसरून उभा राहिला, जणू पोपटराव खिशातून कानस काढणार होते.

सोफ्यावर बसून गाडी उतरवणाऱ्यांसाठी लिहितो. ठाकुरवाडीला चढावर जाणारा एक बंद फाटा आहे. वरून येणाऱ्या गाडीसाठी सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. ड्रायव्हरने आधी गाडी पूर्ण थांबवून दाखवायची, शिट्टी द्यायची, मग सांधा मुख्य मार्गाला लागतो. गाडी आवरली नाही तर ती फाट्यावर चढते आणि दम सुटून थांबते. माझ्या घाटात हा नियम पाळला जातो. पोपटरावांनी त्या दिवशी दोनदा गाडी उतरवली आणि दोनदा ती फाट्यावर गेली. "हा सांधा उलटा लागलाय," ते म्हणाले.

चांगो थांबतो. एका बुधवारी मी चहा करायला आत गेलो होतो. खोलीत तो एकटाच होता, त्याला वाटत होते की कोणी बघत नाही. मी दारातून पाहिले. त्याने गाडी ठाकुरवाडीला आणली, थांबवली, तोंडाने शिट्टी मारली, उठून पलीकडे गेला, सांधा लावला, परत येऊन बसला आणि मग गाडी सोडली. गुडघे दुखतात त्याचे. एसीच्या हॉलमध्ये त्याची सर्व कामे बटणावर होतात.

म्हणून: मागच्या खोलीतील घाट, त्यावरील गाड्या, सुटे रूळ, चहाच्या चोथ्याचा डबा आणि माझे बसायचे स्टूल, हे सर्व मी चांगो पदू ठोंबरे याला देत आहे. त्यासोबत पुढील सूचना. वकिलांनी त्या काढायला सांगितल्या होत्या, मी ठेवल्या.

अ) गाडी रविवारी चालवावी. बुधवारी नाही.

आ) पोपटरावांना बघायला येऊ द्यावे. त्यांना प्लास्टिकची खुर्ची द्यावी. माझे स्टूल देऊ नये.

इ) मोबाईल खोलीबाहेर.

ई) बोगदा खरवडू नये. उडालेला कपचा काडेपेटीत, इंजिनाच्या खोक्यात आहे. तो चिकटवायचा की नाही, हे चांगोने ठरवावे.

उ) हिरवे इंजिन वापरात घ्यावे. ते बोगद्यातून जाणार नाही, पण त्याला जायची गरज नाही. त्याने बँकर व्हावे. कर्जतला माझ्या गाडीच्या मागे लागावे, चढभर ढकलावे, बोगद्याच्या तोंडाशी सुटावे आणि एकट्याने कर्जतला परत यावे. गाडी पुढे जाईल. हे मला यंदाच्या पावसाळ्यात सुचले. चांगोला सांगितले नाही, कारण तो म्हणाला असता की त्याला आधीच सुचले होते.

व्हर्निअरबाबत कलम ३ कायम आहे.

कलम ५. साक्षीदार. मला साक्षीला चांगोच हवा होता. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असा वकिलांचा सल्ला पडला. मग साक्षीला कोण, असे त्यांनी विचारताच एकच नाव माझ्या तोंडी आले. पोपटरावांना फोन केला. ते गहिवरले. "माझ्यावर एवढा विश्वास?" मी हो म्हणालो. दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या शकूताई. त्यांना माझा मिक्सर हयातीतच पोचला आहे.

ही बातमी चांगोला शेलूतच कळली. गेल्या बुधवारी तो दारातूनच ओरडला, "चाळीस वरसं मी तुज्या मागं, आन सहीला पोपट? कालपरवाचा मानूस तो!"

"त्यांचं अक्षर चांगलं आहे."

"माजं अक्षर वाईट हाय? पगाराच्या वहीवर तूच करायचास का माजी सही?"

"चहा घेणार?"

"पोपटला पाज तुजा चहा."

तो चहा न घेता गेला. त्याचा चेहरा इतका उतरलेला मी जमीन विकल्याच्या दिवशीही पाहिला नव्हता. मला वाईट वाटायला हवे होते.

आज सह्यांसाठी सगळे जमले आहेत. शकूताईंनी पोळ्यांचा गॅस बारीक करून येते म्हणून सांगितले आहे. पोपटराव समोर बसले आहेत, नवे पेन आणले आहे, टोपण काढून ठेवले आहे. "वाचून बघू का?" त्यांनी विचारले. साक्षीदाराने सही बघायची असते, मजकूर नाही, असे मी सांगितले. बुधवार असल्याने चांगोही आला आहे. आत येत नाही. बाहेर पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसला आहे.

चांगो, हे दीक्षा तुला वाचून दाखवेल तेव्हा कळेल. सही करणाऱ्याला काही मिळत नाही. पोपटरावांना सही मिळाली.

आत्ताच बाहेर जाऊन त्याच्या कानात हे सांगावे, असे दोनदा मनात आले. उठलो नाही. इतकी वर्षे हेवा मीच केला. आज पहिल्यांदा तो माझ्या पायरीवर बसला आहे. थोडा वेळ बसू दे.

वरील सर्व मजकूर माझा आहे, खाडाखोड नाही, आणि तो वाचूनच मी खाली सही करत आहे.

(सही) श्रीपत भिवा ओव्हाळ

श्री. ओव्हाळ यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली:

१. (सही) पोपट नामदेव घुले, शेलू
२. (सही) शकुंतला सदू वाघमारे, भिसेगाव

ठिकाण: भिसेगाव, कर्जत
बुधवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५