नाव नसलेली बटणं

प्रिय ईश्वरीताई,

हे पत्र तुला पाठवायचं धाडस मला होणार नाही, तरी लिहितोय.

दिसत नसतानाही चामराजपुरमच्या त्या हॉस्पिटलात तू नऊ वर्षं पेशंटच्या अपॉइंटमेंट नोंदवत होतीस. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर तुला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग तिथे नवं सॉफ्टवेअर आलं आणि तो नुसता "बटण, बटण, बटण" म्हणू लागला.

"उदय, कुठलं बटण कशाचं तेच कळत नाही रे," तू म्हणालीस. एका पेशंटची ऑपरेशनची तारीख तुझ्या हातून रद्द झाली. साहेब सगळ्यांसमोर ओरडले. तू राजीनामा दिलास आणि साताऱ्याला आईकडे निघून गेलीस.

ताई, ते सॉफ्टवेअर आमच्याच टीमनं केलं होतं. बटणांना कॉम्प्युटरला वाचता येतील अशी नावं दिलेली नाहीत, हे तपासणीत सापडलंही होतं. दोन दिवसांचं काम होतं. पण सॉफ्टवेअर हॉस्पिटलला द्यायची तारीख जवळ आली होती, आणि मीटिंगमध्ये मीच म्हणालो, "न दिसणारे असे कितीजण वापरणार? नंतर बघू." त्या क्षणी तू मला आठवलीसुद्धा नाहीस.

काल मी ती दुरुस्ती करू द्या म्हणून मागे लागलो. आमच्या मॅनेजर स्पंदना मॅडमनी हॉस्पिटलला फोन करून चौकशी केली.

"उदय, तिथे आता न दिसणारं कुणी कामाला नाहीच की," त्या म्हणाल्या. "मग करायचं कुणासाठी?"



तुझ्यासमोर यायची लाज वाटणारा,
उदय