मोठी पुली

आबिजान, ३ नोव्हेंबर १९८६

चि. नुहाद हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आपला ऑलिव्हचा घाणा सुरू झाला की गावाचा जनरेटर गुदमरतो, गावभर दिवे मिणमिणतात आणि शेजारची उम्म सालेह बाबांच्या नावाने बोटं मोडते, हे वाचून आधी हसलो, मग काळजीत पडलो. यंदा जमलं नाही तर घाणा कायमचा बंद करीन, असं बाबा म्हणतात. ते करतीलही.

त्यांना सांग, घाई सोडा. घाण्याचा वेग थोडा उतरवला, तर वीज कितीतरी कमी लागते. लगदाही तापत नाही. नवी मोटर नको, लेथवाल्याकडून मोठी पुली करून घ्या आणि बसवा. हंगाम निभावेल.

लोभ असू दे, आणि माझ्या वाटचं तेल उम्म सालेहपासून लपवून ठेव.

तुझा,
मुन्झिर


कूरा, २९ नोव्हेंबर १९८६

ती. मुन्झिरदादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी अंगणात सगळ्यांसमोर मला मोठ्याने वाचायला लावलं. आपल्या इंजिनिअरने उपाय धाडलाय, असं म्हणत गावाला कॉफी पाजली. मग स्वतःच्या हाताने मोठी पुली बसवली. मोटरवर.

कुठे बसवायची ते तू लिहिलंच नव्हतंस, दादा. ती घाण्याच्या बाजूला हवी होती, तरच वेग उतरला असता, हे मला मागाहून कळलं. घाणा असा भरधाव सुटला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा नुसते फुलले होते. तेवढ्यात मोटरमधून धूर आला आणि आतली तार जळून गेली. लढाईमुळे त्रिपोली शहराचा रस्ता बंद, ती तार पुन्हा भरून देणारं इथे कोणी नाही. गावाची ऑलिव्हची पोती अंगणात आंबली. त्यातून निघेल त्या तेलाचा आता साबणच व्हायचा.

बाबांनी घाण्याला कुलूप लावलं. लोक त्यांना मुन्झिरचा बाप, अबू मुन्झिर, म्हणून हाक मारतात, तर मान वर करत नाहीत. पोराने एवढं समजावून लिहिलं आणि आपल्या म्हाताऱ्या हातांनी घोळ घातला, हेच ज्याला त्याला सांगतात. मला खरं माहीत आहे, पण बोलवत नाही. तू चुकलास हे कळलं, तर त्यांच्यापाशी उरेल काय? दादा, मी पार खचले आहे.

लोभ आहेच, तो राहील. शेवटची ओळ बाबांनी समोर बसून लिहून घेतली आहे: पोरा, तू सांगितलंस तसं मला जमलं नाही, बापाला माफ कर.

तुझी,
नुहाद