टाचणीची खोली

४ मे

टाचणीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. लिहून टाकलं एकदाचं.

चित्रकला महाविद्यालय आमच्या शाळेतून एकालाच घेतं. वर्गातल्या बाकीच्यांनी कच खाल्ली. अर्ज दोनच — तिचा आणि माझा. सर म्हणाले, "मला दोघी सारख्याच." त्यांचं काय जातंय! आई म्हणाली, "मैत्री मैत्रीच्या जागी. आता स्वतःचं बघ."

प्रवेश परीक्षेचा विषय दरवर्षी ठरलेला. आपल्या घरातली एक खोली, आठवणीतून.

९ मे

सराव टाचणीकडेच. आमच्याकडे आईला कागदांचा पसारा खपत नाही. त्यांची मेली एकच खोली — खिडकीपाशी तिच्या आईचं, म्हणजे मावशींचं, शिलाई मशीन, दोरीवर बाह्या न लावलेले सदरे, खाली चिंध्या. पोरीला 'टाचणी' हे नाव वर्गाने दिलं ते काही उगीच नाही. शिवाय ती आहेच तशी काटकुळी. मी पहिलीपासून या चिंध्यांत लोळत आलेय.

ती म्हणाली, "मी काय काढू गं? आमच्याकडे दुसरी खोलीच नाही."

मी म्हटलं, "ही नको काढूस. गिचमीड दिसेल. त्यांना मोकळी, नीटनेटकी खोली आवडते."

"मोकळी कुठून आणू?"

मी खांदे उडवले. ती "बरं, बघते" म्हणाली. वाद नाही, शंका नाही. इतका कशाला विश्वास ठेवायचा माणसाने?

खरं म्हणजे त्या खोलीचं चित्र अप्रतिम होईल. मला माहीत होतं.

११ मे

आज सांगणार होते. गेले, चहा प्यायले, परत आले.

१४ मे

परीक्षा झाली. तीन तास. आमची बैठकीची खोली काढायला घेतली — सोफा, घड्याळ, काचेच्या कपाटात कधीच न वापरलेले कप. अर्ध्या तासात काढण्यासारखं काही उरेना. शेवटी कागद उलटा केला.

मग हात आपोआप चालायला लागला. मशीन. सदरे. मावशींच्या तोंडात धरलेल्या दोन टाचण्या. मशीन चालवताना त्या एकच चप्पल काढतात, ती बाजूला पालथी पडलेली. दोरीची गाठसुद्धा मला पाठ होती.

खाली लिहिलं, 'माझं घर'.

टाचणी दोन रांगा पुढे होती. बाहेर आल्यावर मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

२४ मे

मुलाखत. चष्मेवाल्या बाईंनी माझं चित्र समोर धरलं. "ही तुझी आई का?"

"हो," म्हटलं.

"फार जीव लावून काढलंयस."

२ जून

यादी लागली. माझं नाव आहे.

आईने तीन घरी फोन केले. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

६ जून

टाचणी आली होती. हातात पिशवी. मावशींनी माझ्यासाठी एप्रन शिवलाय, रंगांचे डाग पडू नयेत म्हणून. खिसे दोन, ब्रश ठेवायला एक लांबट कप्पा. घालून पाहिला तर अगदी मापाचा.

"मावशींनी माप कधी घेतलं?"

"आई म्हणते, घरच्या पोरीचं माप कशाला घ्यायचं."

ती आता मावशींच्या हाताखाली बसते. काजं करते. "बरं चाललंय गं," म्हणाली आणि हसली. तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. आई सोफ्यावर बसून मासिक चाळत होती. मी आईकडे बघितलं आणि एप्रनची घडी घातली. माझ्यासारखी भित्री मीच.

एप्रन कपाटात तळाशी ठेवलाय. घालवत नाही.

१८ जून

कॉलेजचा पहिला दिवस. ऑफिसातले शिपाईकाका म्हणाले, "त्या शाळेच्या ना तुम्ही? तुमच्या मैत्रिणीचं चित्र परत न्यायचं राहिलंय. देऊन टाका तिला."

जिन्यातच गुंडाळी सोडली. आमची बैठकीची खोली आहे. सोफा, घड्याळ, काचेच्या कपाटातले कप — एकूण एक, माझ्याच्याने झालं नसतं इतकं हुबेहूब. कोपऱ्यात परीक्षकाची पेन्सिल: 'स्वतःचं घर काढायचं होतं. अपूर्ण.' खाली तिच्या गोल अक्षरात, 'माझ्या मैत्रिणीचं घर'.

आतल्या दाराचा पडदा तिने जरासा सरकवलेला दाखवलाय. त्याच्या पलीकडे कोरा कागद. बारा वर्षांत आम्ही तिला तिथून आत कधी नेलंच नाही.